दोनशे बारा

बाबांना मी जाळलं तेव्हा सोळा वर्षांचा होतो.
डोक्याच्या जागी नारळ,
अंगाला पळसाच्या पानांचे देठ, तीनशे साठ,
भटजी सांगत गेले तसे मोजून मांडलेले:
गळ्याला दहा, छातीला वीस,
हातांना शंभर, उरलेले पोटापायांना वगैरे.
वरून जवाचं पीठ थापलं.
म्हादईच्या काठाला ओल होती, नीट पेटेना.
आतेभावाने फुंकर मारली.
नारळ फुटला तेव्हा आई
घरी, भिंतीकडे तोंड करून बसली होती.

बारा वर्षं वाट बघायची असा नेम आहे.
बघितली.
दर शिगम्यानंतर काका वाळपईच्या कचेरीत जायचे.
इनास कारकून वही उघडायचा, बोट फिरवायचा:
दुलबा गावस, भिरोंडा. वीस वर्षं. मोसांबीक.
पुढचा रकाना कोरा.
काका विचारायचे, कोरा म्हणजे जिवंत की मेलेला?
कोरा म्हणजे कोरा रे, बाबा.

गुन्हा म्हणाल तर
रानात लपलेल्या बंडातल्या पोरांना
दोन पायली उकडे तांदूळ दिले.
पायलीला दहा वर्षं.
माझा हिशेब तेव्हापासून पक्का.

ते आले तेव्हा मी कुळागरात पाणी लावत होतो.
पाटाच्या पलीकडे पाटलोण घातलेला म्हातारा,
टोपी काढून छातीशी धरलेली,
माझ्यापेक्षा ठेंगणा.
पाणी मागितलं.
तांब्यातला पहिला घोट केळीच्या बुंध्यात ओतला,
मग प्याला.
आईने दारातून ते बघितलं
आणि चटकन पदर ओढून कपाळ झाकलं,
मोकळं कपाळ,
कुणी उघडी बघितल्यासारखी.

भटजींनी पुन्हा पोथी काढली.
जाळलेला माणूस परत आला
तर त्याला जन्माला घालावा लागतो.
तुपाच्या हौदात बसवून बाहेर काढायचा,
बारसं करायचं, लग्न करायचं, त्याच बायकोशी.
एवढं तूप कुठलं?
भात उकडायच्या भाणात खोबरेल ओतलं.
बाबा त्यात गुडघे पोटाशी घेऊन बसले.
आत्याने कानात सांगितलं: दुलबा.
घोट्यांभोवती कातडीचं एक कडं होतं,
बिनकेसांचं, चकचकीत,
तिथं तेल थांबेना.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या, सगळे हसले.
बाबाही हसले, जरा उशिरा.

आईने बांगड्या भरून घेतल्या.
कासारणीला एवढंच म्हणाली,
माप बदललंय गं, बघून भर.

गाव म्हणतं, सगळं जागच्या जागी आलं.
फक्त दुलबा म्हणून हाक मारली तर ते वळत नाहीत.
मारणारा दोनदा मारतो, तीनदा मारतो.
आई मारतच नाही, जाऊन दंडाला हात लावते.
बहिरे नाहीत.
कौलांवरून मांजर गेलं तरी उठून बसतात.

कार्तिकात अंगणात सुपारी मोजत होतो, मोठ्याने,
व्यापाऱ्याला लागतात तसे पोर्तुगीज आकडे,
इनासनेच शिकवलेले.
दुझेंतुश ई देश. दुझेंतुश ई ओंझ.
दुझेंतुश ई दोझ,
आणि ओसरीच्या टोकाला बाबा ताडकन उभे,
हात मांड्यांना चिकटलेले, हनुवटी वर.
प्रेझेंत!

समोर कोण? मी, टोपली, एक कोंबडी.

बसा, म्हटलं.
नाही बसले.
बाबा, बसा ना.
नाही.
शेवटी त्रेझ म्हटलं तेव्हा बसले,
आणि कोंबडीकडे बघत राहिले.

तेव्हापासून ओंझ झालं की मी एकदम त्रेझ म्हणतो.
व्यापारी डोळा मारतो,
गावसाच्या पोराला बारा येत नाहीत.
येतात.
मधली ती एक सुपारी
मी उचलतो, तोंड मिटून,
आवाज होऊ न देता टोपलीत सोडतो.